एका गोलाची अट

"यास्मिन मुजावर! एक राऊंड!"

शिट्टी तोंडातून काढता काढताच मी ओरडले. यास्मिननं चेंडू होता तिथंच सोडला, वेणीची रिबन घट्ट केली आणि मैदानाच्या कडेनं पळायला लागली. ना कुरकुर, ना वाकडं तोंड. तिला आता सवयच झाली होती.

"काय चुकलं तिचं?" मी बाकीच्या पंधराजणींना विचारलं.

"मागं दिला, बाई!"

"आणि मागं दिला तर?"

"फाऊल, बाई!"

पाढे म्हणावेत तसं एका सुरात उत्तर यायचं आणि ते ऐकून माझा ऊर भरून यायचा. पोरींना शिस्त लागली, असं मला वाटायचं. वीस-बावीस वर्षं होऊन गेली त्याला. आज त्या मैदानाची आठवण आली, की कुणी आजूबाजूला नाही ना हे बघून मी आधी स्वतःच्या डोक्यावर एक टपली मारून घेते.

मी सांगलीची. हेमलता मगदूम. सात वर्षं खो-खो खेळले, राज्याच्या संघापर्यंत पोचले आणि सव्विसाव्या वर्षी कोल्हापूरच्या एका शाळेत खेळाच्या बाई म्हणून लागले. आता कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं गाव. तिथं प्रत्येक तालमीचा संघ, प्रत्येक पेठेचा झेंडा, आणि लग्नाची तारीखसुद्धा लोक सामन्याचा दिवस टाळून धरतात. आमचे मुख्याध्यापक सरनाईक सर स्वतः त्याच मातीतले. त्यांच्या मनात आलं, मुलींचाही संघ हवा. मी म्हटलं, "सर, मी खो-खोची आहे." ते म्हणाले, "बाई, पळायचंच आहे ना? खो-खोत बिनचेंडूचं पळतात, यात चेंडू घेऊन पळायचं."

दिवाळीच्या सुट्टीत मी फुटबॉलच्या नियमांची पुस्तिका मिळवली आणि वाचून काढली. वाचून काढली म्हणजे, जे मला आधीच ठाऊक आहे असं वाटलं ते भरभर वाचलं. एका पानावर ओळ होती, 'सहकाऱ्याने मुद्दाम मागे दिलेला चेंडू'. पुढं काहीतरी लांबलचक होतं आणि शेवटी होतं फ्री किक. मी मान डोलावली. खो-खोत एकदा दिशा घेतली की खुंट गाठेपर्यंत मागं फिरायचं नाही. फिरलात तर फाऊल. माझं अख्खं लहानपण त्या एका नियमावर पोसलेलं. इथंही तसंच दिसतंय, म्हटलं. अर्धं वाक्य पुस्तिकेनं सांगितलं, उरलेलं माझ्या खो-खोनं पूर्ण केलं.

यास्मिन नववीत होती. हाडकुळी, बोलायला कमी, वडिलांचं शिलाईचं दुकान. तीन भावांबरोबर गल्लीत खेळून खेळून पाय तयार झालेले. सगळ्या संघात खरा चेंडू कळायचा तो तिला एकटीला, आणि नेमकी तीच मागं द्यायची. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "बाई, ह्यो रुल हाय काय?"

"पुस्तकात आहे."

"आमच्या गल्लीत न्हाई."

"गल्लीत आणि मैदानात फरक असतो, यास्मिन."

बाईंनी सांगितलंय आणि वर पुस्तकात आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? तरी तिचा पाय अधूनमधून मागं वळायचाच. मग शिट्टी, मग राऊंड.

त्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, सराव संपल्यावर सरनाईक सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्यापुढं एक कागद होता.

"बसा. सामने किती झाले?"

"पाच, सर."

"जिंकले?"

"नाही, सर."

"ते सोडा. हरायला माझी ना नाही. मी स्वतः आयुष्यभर हरलोय. पण गोल किती केले आपण?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"शून्य," तेच म्हणाले. "पाच सामन्यांत शून्य. पालक विचारतात, बाई. लेझीमच्या पथकाला दरवर्षी ढाल मिळते आणि त्यांना सरावाला मैदान मिळत नाही. मला उत्तर द्यावं लागतं. शनिवारी शेवटचा सामना आहे. जिंका म्हणत नाही. फक्त एक गोल करा. एक! मग पुढच्या वर्षीही संध्याकाळचा तास फुटबॉलला. नाहीतर जूनपासून तो लेझीमला."

दुसऱ्या दिवशी मी पोरींना ते तसंच सांगितलं. खोटं काय बोलायचं, म्हटलं. (हे वाक्य लक्षात ठेवा, कारण दुसऱ्याच दिवशी मला ते गिळावं लागणार होतं.) सगळ्या गप्प झाल्या. कप्तान तेजस्विनी नलवडे, चांगली थोराड, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत भांडण लागलंय असं वाटावं, ती सुद्धा गप्प. गोलरक्षक सारिका कांबळे हातमोज्याचा निघालेला दोरा ओढत बसली. शेवटी यास्मिननं विचारलं, "आणि न्हाई झाला, तर चेंडू कुणाकडं ऱ्हाणार बाई?"

"कोठीत राहील."

"तवा हवा जाईल त्याची," ती म्हणाली.

मला एकदम भरून आलं. या पोरींना संध्याकाळचा तो एक तास म्हणजे काय होता, हे मी तोपर्यंत नीट बघितलंच नव्हतं. घरी भांडी, पाणी, धाकटी भावंडं. तास संपला की पुन्हा तेच. मधला तेवढा एक तास त्या ओरडत, पडत, चिखलानं माखत मोकळ्या असायच्या. आणि तो वाचवणं माझ्या हातात होतं.

सल्ले तर मला न मागता मिळत होते. कोल्हापुरात डॉक्टर शोधावा लागतो, फुटबॉलचा जाणकार आपण होऊन येतो. रिक्षावाला म्हणाला, "बाई, दोन विंगा वापरा की." भाजीवाली म्हणाली, "पोरींस्नी अंडी द्या." शेजारचे निवृत्त तलाठी रोज फाटकाशी थांबवून मला बचावाचं गणित समजावायचे आणि त्यांच्या सौभाग्यवती आतून ओरडायच्या, "तुमी कवा लाथ तरी मारलीय काय चेंडूला?" सगळ्यांचं ऐकून मी हो म्हणायचे आणि मैदानावर जाऊन परत तेच शिकवायचे. पुढं! पुढं! मागं नाही!

बुधवारी सराव सुरू व्हायच्या वेळी आमच्या शाळेच्या शिपाई मावशी, गोदाक्का, माझ्याजवळ आल्या. साठीला टेकलेल्या, नऊवारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"बाई, रागावणार न्हाईसा तर एक बोलू?"

"बोला की, गोदाक्का."

"हितनं न्हाई. वर चला."

त्यांनी मला जिन्यानं गच्चीवर नेलं. पोरींना मी दोन गट करून खेळायला सांगून आले होते. गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहून गोदाक्का म्हणाल्या, "लगीन होऊन आलो तवापास्नं मी माळ्यावरनंच फुटबॉल बघत आलोय. आमच्या घरामागंच ग्राउंड. बायकांनी खाली जायाचं न्हवतं, मग वरनं. दोन दीर, मालक, पुतण्या, समदे खेळले. त्येंच्या मास्तरला दिसत न्हवतं त्ये मला दिसायचं. आता बगा गुमान."

मी बघितलं. कडेला उभं राहिलं की मला नेहमी पाय दिसायचे. कुणाचा पाय अडला, कुणाचा घसरला, कुणी वेळेवर उचलला नाही. वरून पहिल्यांदा जागा दिसली. सगळ्या पोरी एका घोळक्यात, एकाच दिशेनं, तोंडं एकीकडे करून पळत होत्या आणि त्यांच्यामागं अर्धं मैदान रिकामं पडलं होतं. यास्मिनला तिघींनी कडेच्या रेषेशी कोंडलं. तिच्यामागं दहा पावलांवर तेजस्विनी एकटी, मोकळी उभी. यास्मिननं मान वळवून मागं बघितलं. तिला तेजस्विनी दिसली, हे मला गच्चीवरून कळलं. आणि तरी तिनं चेंडू पुढं, त्या तिघींच्या पायांतच घातला. गेला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. पुन्हा मान वळली, पुन्हा चेंडू पुढं, पुन्हा गेला.

"ही मागं का देत नाहीये?" माझ्या तोंडून निघून गेलं.

गोदाक्कांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी फाऊल म्हंतासा म्हणून."

"पण फाऊलच आहे ना ते!"

गोदाक्कांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलायला लागले. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "आवो बाई, माझा धाकटा दीर बारा वर्सं मागंच देत हुता. त्येला तालमीनं फेटा बांधला!"

मी जिना उतरून थेट खेळाच्या कोठीत गेले. माझ्या कपाटातून पुस्तिका काढली. पान काढलं. आणि ते वाक्य पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागं दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घेतला, तर समोरच्या संघाला फ्री किक. एवढंच. पायानं खेळला तर गोलरक्षकालाही मुभा. बाकीच्यांनी एकमेकींना मागं, पुढं, आडवा, तिरका, कसाही द्यावा. कुणाची काही हरकत नाही. कधीच नव्हती.

मी लेझमांच्या ढिगावर मटकन बसले. दोन महिने. पाच सामने. आणि यास्मिनचे राऊंड.

गोदाक्का दारात उभ्या होत्या. "चुकतंय माणूस," त्या म्हणाल्या. "उद्या पोरींस्नी सरळ सांगा, माझं चुकलं म्हणून. मोकळ्या व्हा."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी बाई. मी शिपाई. आणि मला वाटलं, ही काय तर नवीन टॅक्टीस आसंल सांगलीची."

सांगायला काय जातंय! मी रात्रभर, सकाळभर, दुपारभर मनात वाक्यं जुळवली. आणि प्रत्येक वेळी मला पोरींचे चेहरे दिसायचे. आधीच अर्धं गाव म्हणत होतं, खो-खोच्या बाईला फुटबॉलातलं काय कळतंय. आता पोरीही म्हणतील. शाळेत बाई चुकत नसते. चुकली तर फळ्यावरचं पुसून टाकते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत मी गुरुवारी मैदानावर गेले आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केलं.

"हे बघा, मुलींनो," मी म्हटलं, "नियम बदललाय."

"कुठला, बाई?"

"मागं द्यायचा. आता मागं दिला तर चालतो. नुकताच बदललाय."

पोरी आनंदानं ओरडल्या. यास्मिन ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "कुणी बदलला?"

"वरून," मी म्हटलं आणि शिट्टी वाजवली.

गोलरक्षकानं हात लावायचा नाही, हे मी सांगितलं नाही. ते सांगायचं तर पुस्तिका उघडून दाखवावी लागली असती आणि पुस्तिका दोन महिने माझ्याच कपाटात होती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दोन दिवस पोरींनी मागं देण्याचा सराव केला. तोही पायापायातच, सारिकापर्यंत एकदाही चेंडू गेला नाही. आणि खेळ असा उघडला, की मला वाटलं, निभावलं बाई एकदाचं. गोदाक्का मात्र माझ्याशी त्या दोन दिवसांत एक शब्द बोलल्या नाहीत. चहा आणून ठेवायच्या आणि जायच्या.

शनिवारी चार वाजता सामना. समोर पांढऱ्या जर्सीतला, आमच्याहून दीड वर्ष जुना संघ. कडेला शे-दीडशे माणसं. मुलींचा असला तरी फुटबॉल तो फुटबॉल. सरनाईक सर पहिल्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर छत्री. सामन्याला साडीच नेसायची असा त्यांचा दंडक, म्हणून मी साडीत. पंच एक वयस्कर, पांढऱ्या मिशांचे, तालमीत जन्म गेलेले गृहस्थ.

पहिल्या वीस मिनिटांत आम्ही दोन गोल खाल्ले, पण खेळलो त्याआधीच्या पाच सामन्यांहून बरं. चेंडू आमच्या पायांत राहत होता. लोक म्हणायला लागले, "सुधारल्यात की पोरी!" मी पदर खोचून ताठ उभी.

आणि मग पांढऱ्या जर्सीच्या दोघी तेजस्विनीच्या अंगावर आल्या. तेजस्विनी घाबरली नाही. तिनं शिकवल्याबरहुकूम मागं वळून चेंडू सारिकाकडं दिला. सारिकानं तो सुरेख वाकून दोन्ही हातांत उचलला आणि छातीशी धरला.

पंचांची शिट्टी झाली.

"फ्री किक," ते म्हणाले, आणि गोलाच्या तोंडाशी बोट दाखवलं.

तेजस्विनी धावतच गेली. तिचा आवाज मी आधी सांगितलाय. "ओ सर! फ्री किक कशाला? नियम बदललाय की!"

"कुणी बदलला?"

"वरनं बदललाय! आमच्या बाईंनी सांगितलंय! मागं दिलं तर चालतंय आता!"

पंचांनी मिशीवरून हात फिरवला. सगळं मैदान ऐकायला लागलं. "पोरी," ते म्हणाले, "मागं द्यायला बंदी कवाच नव्हती. मी चाळीस वर्सं शिट्टी वाजवतोय. गोलकीपरनं हातात घ्यायचा न्हाई, एवढाच नियम. तुमच्या बाईंस्नी कुणाचा फोन आला हुता काय?"

शंभर माणसं हसली. फ्री किक झाली, गोल झाला. तीन शून्य. त्यानंतर मध्यंतरापर्यंत आमच्या एकाही मुलीनं चेंडू मागं दिला नाही, पुढंही धड दिला नाही. चेंडू आला, की त्या तो पायात विंचू आल्यासारखा ढकलून द्यायच्या आणि माझ्याकडं बघायच्या.

मध्यंतराला सोळाजणी माझ्यासमोर बसल्या. सारिका रडत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तुझी चूक नाही म्हणायला गेले, तर ती बाजूला सरकली.

"बाई," तेजस्विनीनं विचारलं, "नियम बदललाय का न्हाई?"

मागं सरनाईक सर उभे राहिलेले मला दिसले. त्यांच्यापलीकडं, लोकांच्या गर्दीत, गोदाक्का होत्या. आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला खाली मैदानावर आलेल्या, हातात पाण्याची कळशी. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "नियम बदलला नाही. तो पहिल्यापासून असाच होता. मी चुकीचा वाचला. दोन महिने तुम्हाला चुकीचं शिकवलं. बुधवारी मला कळलं. तेव्हा मला सांगायची लाज वाटली, म्हणून मी गुरुवारी खोटं बोलले. हात लावायचा नाही, हेही त्यामुळंच सांगितलं नाही. सारिका, हा गोल तुझ्यावर नाही. माझ्यावर आहे."

वाटलं, आता उठून घरी जातील सगळ्या.

नाक पुसून सारिकाच म्हणाली, "मग बाई, यास्मिननं मारलेले राऊंड?"

"फुकट."

"एकतीस हुते," यास्मिन म्हणाली. शांतपणे. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

एकतीस. मला आकडा माहीतच नव्हता. शिक्षा देणारा कुठं मोजतो?

"चूक झाली की आपल्या संघात काय करतात?" मी विचारलं.

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. कुणाचं धाडस होईना. मग मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "राऊंड?"

मी चपला काढल्या. निऱ्या वर घेऊन कमरेला खोचल्या, पदर आवळला आणि पळायला लागले. भर सामन्यात, मध्यंतराला, दीडशे माणसांसमोर, जरीकाठाच्या साडीत. पहिली काही पावलं लोकांना कळेचना काय चाललंय. मग कळलं. मग जो गलका उठला म्हणता! "बाई, जोरात!" "आवो, हिलाच घ्या की टीममदी!" "नाद खुळा!" सात वर्षांच्या खो-खोचे पाय होते ते, शरमेनं त्यांना आणखी वेग आला. पांढऱ्या जर्सीच्या मुलीसुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या. सरनाईक सरांसमोरून जाताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही, पण छत्री खाली पडल्याचा आवाज ऐकला.

फेरी पूर्ण करून धापा टाकत मी पोरींसमोर येऊन उभी राहिले. सोळाच्या सोळा पोरी पोट धरून हसत होत्या. सारिका रडता रडता हसत होती, आणि ते थांबवायचं कसं हे तिला कळत नव्हतं. यास्मिन कधी फारशी हसायची नाही. ती जमिनीवर आडवी झाली होती.

"तीस राहिले, बाई," ती म्हणाली.

"सोमवारपासून. रोज तीन."

पंचांनी शिट्टी वाजवली. पोरी उठल्या, आणि उठल्या त्या वेगळ्याच. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडं होतं तरी काय? गोदाक्का कळशी घेऊन माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. पाण्याचा पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता गप ऱ्हावा."

मी गप्प राहिले. उत्तरार्धात मी शिट्टी ओठांना लावली नाही, तोंडही उघडलं नाही. आम्ही चौथा गोल खाल्ला. तरी पोरी खचल्या नाहीत. त्या एकमेकींना हाका मारत होत्या. दोन महिन्यांत मला त्यांचे आवाज मैदानावर कधी ऐकूच आले नव्हते, कारण माझाच इतका मोठा असायचा. "तेजू, मागं हायस काय?" "हाय, हाय, दे!" सारिकाकडं चेंडू आला, तिनं हात पाठीमागं बांधून तो पायानं परत लाथाडला, आणि लोकांनी त्याला शिट्ट्या वाजवल्या.

शेवटची दहा मिनिटं उरली. चार शून्य. सरनाईक सर खुर्चीवरून उठून येरझाऱ्या घालत होते. एक गोल. फक्त एक. मला लेझीमचं पथक दिसत होतं, कोठीतला हवा गेलेला चेंडू दिसत होता.

चेंडू यास्मिनकडं आला. कडेच्या रेषेशी, माझ्यापासून चार पावलांवर. तिघी तिच्यावर धावल्या आणि तिला कोंडलं. बुधवारी गच्चीवरून पाहिलेलं तेच. तिची मान वळली. मागून तेजस्विनी येत होती. यास्मिनचा पाय चेंडूवर थांबला आणि त्याच क्षणी तिनं माझ्याकडं बघितलं. सवय होती ती. एकतीस राऊंडांची.

मी शिट्टी गळ्यातून काढून गोदाक्कांच्या कळशीत टाकली.

यास्मिननं चेंडू मागं दिला.

तिच्याभोवती जमलेल्या तिघी तिथंच राहिल्या आणि तेजस्विनीसमोर अर्धं मैदान मोकळं. ती थोराड पोर डोकं खाली घालून निघाली. एकीला चुकवलं, दुसरी आपणच घसरली, आणि गोलाच्या अलीकडं पंधरा पावलांवरून तिनं डोळे मिटून लाथ मारली. चेंडू सरळ गेला असता तर बाहेर गेला असता. तो आमच्याच पल्लवीच्या नडगीवर आपटला, पल्लवी "आई गं" म्हणून खाली बसली आणि चेंडू गोलरक्षकाच्या बगलेतून आरामात आत गेला.

क्षणभर कुणालाच खरं वाटेना. मग पंचांनी मध्यरेषेकडं बोट केलं, आणि पोरींनी पल्लवीच्या अंगावर जो ढीग केला, की तिची नडगी राहिली बाजूला, तिला श्वास घ्यायची पंचाईत झाली. गोदाक्कांनी कळशी खाली ठेवली आणि माझ्या पाठीत असा गुद्दा घातला, की मी दोन पावलं मैदानात गेले. कानात नुसता आरडाओरडा. त्यातला एक आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळून बघितलं, तर सरनाईक सर. रेषेच्या आत शिरून, छत्री डोक्यावर गरागरा फिरवत ते ओरडत होते, "आता दुसरा! अजून सहा मिनिटं आहेत! दुसरा करा! मागं द्या गं, मागं द्या!"

"सर, एकाचीच अट होती," मी म्हटलं.

"कसली अट?" सर म्हणाले. "बाजूला व्हा बाई, दिसत नाहीये!"

पोरी आपापल्या जागी परतायला लागल्या. यास्मिन रेषेजवळून जाताना थांबली. घाम, माती, सुटलेली रिबन. तिनं माझ्याकडं बघितलं.

"बाई, आता कुठं देऊ? पुढं का मागं?"

दोन महिन्यांत मी तिच्या या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर दिलं होतं.

"तुला दिसतंय ना?" मी विचारलं.

"दिसतंय की."

"मग मला कशाला विचारतेस? जा, पळ."

ती पळाली.